पोलिसांची लाठी, मुस्लिम वस्ती आणि मोबाईलवरचा व्हिडिओ: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या कोर्टात फौजदारी कामे करताना आणि संध्याकाळी पेठांतल्या बैठकांना बसताना हे प्रश्न सारखे समोर येतात. विचारणारे बेगम पेठेतले, नई जिंदगीतले असतात, तसे पूर्व भागातले तेलुगूभाषक विणकर आणि बाळीवेशीतले दुकानदारही असतात. प्रश्न लोकांच्याच तोंडचे ठेवले आहेत. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांतले आहेत. कायद्याचे नाव दिलेले नसेल तिथे ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे समजा.

पोलीस मुस्लिमांवर जास्त हात चालवतात, हे खरं आहे की नुसता प्रचार?

खरे आहे, आणि त्याचे पुरावे मोबाईलवर नाहीत, सरकारी दप्तरात आहेत. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीवर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. मृतांचा आकडा ९००. त्यात ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू. पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेले ३५६, म्हणजे भोसकाभोसकीत मेलेल्या ३४७ जणांपेक्षाही जास्त. पोलिसांच्या वागण्यात मुस्लिमांविषयी पूर्वग्रह दिसला, असे आयोगाने स्वच्छ लिहिले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. सुलेमान उस्मान बेकरी आणि वडाळ्याची हरी मशीद या पोलीस गोळीबाराच्या दोन जागांची नावे त्या अहवालामुळेच लोकांच्या लक्षात राहिली.

धुळे तर आपल्या बरोबरीचेच शहर. ६ जानेवारी २०१३ ला एका हॉटेलच्या बिलावरून भांडण झाले, दंगल पेटली आणि पोलीस गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले. घोळक्याने दगडफेक केली होती आणि पोलीसही जखमी झाले होते, हेही तितकेच खरे. पण नंतर जे व्हिडिओ बाहेर आले त्यांत वर्दीतली माणसे तोडफोड करताना दिसत होती, आणि त्यावरून पोलिसांवरच कारवाई करायची वेळ आली.

कारण मनात कुठे रुजले आहे, त्याचीही मोजणी झाली आहे. सीएसडीएस आणि कॉमन कॉज या संस्थांनी २०१९ मध्ये देशभरातल्या पोलिसांना प्रश्न विचारले. मुस्लिम लोक स्वभावतःच गुन्ह्याकडे वळतात, असे कमीअधिक प्रमाणात मानणारे पोलीस जवळपास निम्मे निघाले. त्यांच्याच हातात लाठी असते.

प्रत्येक लाठीमार धर्म पाहून होतो, असा याचा अर्थ मी काढत नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून तणाव झाला तेव्हा लाठ्या हिंदुत्ववादी संघटनांच्या जमावावर पडल्या होत्या. प्रत्येक घटना तिच्या तिच्या पुराव्यावर तपासायची.

प्रश्न खराच आहे, तर एखादा व्हिडिओ दुसरीकडचा निघाला म्हणून काय बिघडलं?

बिघडते, आणि ज्याला खरोखर मार बसला त्याचेच बिघडते. समजा, विजापूर वेशीतल्या एका पोराला ठाण्यात मारले. पाठीवर वळ आहेत, आई तक्रार द्यायला निघाली आहे. त्याच रात्री कुणीतरी भलत्याच देशातला मारहाणीचा व्हिडिओ 'सोलापूर पोलिसांचा कहर' म्हणून सोडतो. सकाळी पोलिसांचे पत्रक येते की व्हायरल व्हिडिओ खोटा आहे, अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हा दाखल. पत्रक अक्षर न् अक्षर खरे असते. पण आता ती आई ठाण्याच्या दारात उभी राहिली की तिच्याकडेही अफवेवालीच म्हणून पाहिले जाते. तिचा फोन मागितला जातो. वळ बघायला कुणी मागत नाही.

हे मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात म्यानमारमधल्या मुस्लिमांच्या हत्याकांडाचे म्हणून जे फोटो फिरले, त्यांत प्रेतांच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या बौद्ध भिक्खूंचा एक फोटो होता. तो २०१० च्या तिबेटी भागातल्या भूकंपाचा होता. भिक्खू तिथे मदतीला आले होते. रोहिंग्यांवर अत्याचार होत होते हे खरेच होते. पण असल्या फोटोंनी तापलेल्या वातावरणात ११ ऑगस्ट २०१२ ला मुंबईत आझाद मैदानावर सभा झाली, ती हिंसेवर गेली, अमर जवान स्मारकाची नासधूस झाली, महिला पोलिसांवर हात टाकले गेले आणि दोन जण मेले. त्यानंतर रोहिंग्यांचे नाव काढले की लोकांना आझाद मैदान आठवायला लागले.

उलट बाजूनेही तेच. २०१३ मध्ये मुझफ्फरनगरला दोन हिंदू भावांना मुस्लिम जमाव ठेचून मारतोय म्हणून जो व्हिडिओ गावोगाव दाखवला गेला, तो पाकिस्तानातल्या सियालकोटचा, २०१० चा. मरणारे आणि मारणारे दोघेही पाकिस्तानी मुस्लिम.

मग पोलिसांनी 'व्हिडिओ खोटा आहे' म्हटलं की विषय संपला?

अजिबात नाही. जून २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरच्या कोठडीत मुस्लिम तरुणांना लाठ्यांनी झोडपतानाचा व्हिडिओ आला. आधी हा आमच्याकडचा नाहीच, असे सांगितले गेले. पत्रकारांनी त्या तरुणांच्या घरच्यांना गाठले, घरच्यांनी आपली मुले ओळखली. पुढे त्यातल्या आठ जणांना पुराव्याअभावी कोर्टाने सोडले. ज्यांना मारले त्यांच्याविरुद्ध पुरावाच नव्हता.

गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या उंधेला गावात ऑक्टोबर २०२२ मध्ये नवरात्राच्या दिवसांत साध्या वेशातल्या पोलिसांनी मुस्लिम तरुणांना खांबाला धरून सगळ्या गावासमोर फटके दिले. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल वर धरले. तेच मोबाईलचे चित्रीकरण पुरावा ठरले. गुजरात उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये चार पोलिसांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल चौदा दिवसांची कैद सुनावली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. अवमान कशाचा? १९९६ च्या डी. के. बसू निकालाचा, ज्यात अटक कशी करायची याचे नियम घालून दिले आहेत. दिल्लीत फेब्रुवारी २०२० च्या दंगलीत जमिनीवर पडलेल्या जखमी तरुणांना पोलीस राष्ट्रगीत म्हणायला लावतात, तो व्हिडिओही खराच होता. त्यातला एक तरुण दगावला आणि २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला.

म्हणून पोलिसांचा खुलासा आला की तो वाचा, आणि त्यात काय दाखवून दिले आहे ते पाहा. मूळ व्हिडिओ कुठला, कधीचा, हे दिले असेल तर तो खुलासा. नुसतेच 'खोटा आहे' असेल तर ती एका पक्षाची बाजू.

हे सगळं दिल्ली-युपीचं. सोलापूरला काय त्याचं?

सोलापूरने याची किंमत तीनदा तरी मोजली आहे.

ऑक्टोबर २००२. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने टीव्हीवर पैगंबरांविषयी अपशब्द काढले, त्याच्या निषेधाला इथे बंद पुकारला गेला, दंगल झाली, संचारबंदी लागली, दंगलीत आणि पोलीस गोळीबारात माणसे मेली. बोलणारा सातासमुद्रापार, दुकाने जळाली आपली. तेव्हा हातात स्मार्टफोनही नव्हते.

२ जून २०१४. सोलापूरचा एक तरुण पुण्यात हडपसरला आयटी कंपनीत कामाला होता. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे कुणीतरी फेसबुकवर टाकली होती. त्या पोस्टशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. नमाज पढून परतताना डोक्यावर टोपी आणि दाढी पाहून जमावाने त्याला हॉकी स्टिकने मारून टाकले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडले. त्याच्या घरच्यांना इथे सोलापुरात ओळखणारी माणसे आहेत. तपशील सांगायची गरज नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे. त्या दिवसांत मुले पळवण्याचा म्हणून देशभर जो व्हिडिओ फिरत होता, तो कराचीतल्या जनजागृतीच्या एका फिल्मचा कापलेला तुकडा होता. हे लोक मुस्लिम नव्हते. अफवेला कोण मिळेल ते चालते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाचची मर्यादा आणली.

लाठीमार कायदेशीर कधी असतो?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८ पाहा. जमाव बेकायदा असला किंवा शांतता भंग करण्याची शक्यता असली, तर कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी त्याला पांगण्याचा हुकूम देतो. प्रभारी नसेल तर फौजदाराच्या खालचा कुणी तो देऊ शकत नाही. हुकूम देऊनही जमाव पांगला नाही तर बळ वापरता येते. बळाचा हेतू पांगवणे हाच. पळणाऱ्याला गाठून मारणे, पडलेल्याला मारणे, डोक्यावर मारणे या हेतूत बसत नाही. लाठी कमरेखाली, हे प्रशिक्षणातच शिकवतात.

सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय असल्याने महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात, सणावाराला तर ठरलेलेच. आदेश मोडला म्हणून गुन्हा दाखल होऊ शकतो. आदेश मोडला म्हणून हाडे मोडण्याची मुभा मिळत नाही.

पण दगड तर टाकले होते पोरांनी. मग घरात घुसून मारलं तर तक्रार कोण ऐकणार?

दगड टाकला तो गुन्हा, त्याला अटक, खटला, शिक्षा. रात्री दोन वाजता दार तोडून, ज्याने दगड टाकला त्याच्या चाचाला मारणे हा दुसरा गुन्हा. एकाने दुसरा फिटत नाही. तक्रार लिहिताना दगडफेक झालीच नाही असे मात्र खोटे लिहू नका. सीसीटीव्ही निघाला की तुमची खरी बाजूही पडते.

स्टेटस ठेवलं म्हणून पोलीस थेट उचलून नेतात. तसा अधिकार आहे का?

स्टेटसच्या प्रकरणात सहसा भारतीय न्याय संहितेची कलमे १९६, २९९ किंवा ३५३ लावतात. साध्या स्वरूपात या तिन्हींची शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अर्णेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितले आहे की अटक का गरजेची आहे हे पोलिसांनी लिहून ठेवायचे, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. आता ती कलम ३५(३) ची नोटीस. नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. ठरल्या दिवशी वकिलाला घेऊन जा आणि पोच घ्या.

मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. बोलण्या-लिहिण्याचा गुन्हा तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा असेल, तर सरसकट एफआयआर न करता कलम १७३(३) खाली आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य, असे ते म्हणाले. चौकशीची मुदत चौदा दिवस. वरिष्ठांची परवानगी लागते.

आणि स्क्रीनशॉट तर कुणाच्याही नावाने बनतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत इन्स्टाग्रामवरच्या कमेंटवरून जमाव मशिदीवर चालून गेला, एक तरुण मेला. खाते कुणी चालवले याचा तपास व्हायच्या आधीच. म्हणून पोरांना आजच सांगा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि फोन कुणाच्या हातात देऊ नका.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला कोठडीत ठेवतील?

ठेवता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे अठराखालच्या मुलाला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, बेडी घालता येत नाही, आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला लगेच हातात ठेवा. आधार कार्डावर विसंबू नका.

घरातून रात्री उचलून नेलं. पहिल्या काही तासांत काय करायचं?

आधी कुठे नेले ते शोधा. शहरात फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी अशी ठाणी आहेत. शिवाय गुन्हे शाखा वेगळी. सगळीकडे धावत बसण्यापेक्षा ११२ ला फोन करा आणि शहर नियंत्रण कक्षाला विचारा. अटक केलेल्यांची माहिती ठाण्यात आणि नियंत्रण कक्षात ठेवणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे बंधनकारक आहे. फोनची वेळ कागदावर लिहून ठेवा.

अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर व्हायला हवा, घरच्यांना कळवायला हवे, अटकेची कारणे समजतील अशी सांगायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांनी ती लेखी द्यावीत यावर भर दिला आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, सगळा वेळ शेजारी बसवण्याचा नाही. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादाला महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. नुसते साक्षीला म्हणून बोलावले असेल तर बाई, पंधराखालचे मूल आणि साठीपुढचा माणूस यांना ठाण्यात बोलवता येत नाही, पोलिसांनी घरी यायचे.

चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावेच लागते. तिथे 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का' असे विचारतात. बहुतेक पोरे मान हलवून नाही म्हणतात, कारण मागे तोच हवालदार उभा असतो. माझे कळकळीचे सांगणे आहे: तिथेच बोला. शर्ट वर करून वळ दाखवा. तो शेरा त्या दिवशीच्या कागदावर आला की पुढे कुणालाही पुसता येत नाही. त्या दिवशी गप्प राहिलात तर 'तेव्हा का नाही बोललात' हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पाठ सोडत नाही.

सिव्हिलमध्ये नेलं तर डॉक्टरांना काय सांगायचं?

खरे ते. 'पडलो' म्हणू नका. कुणी, कशाने, कुठे, किती वाजता मारले, हे सांगा आणि एमएलसी (मारहाणीच्या पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद) करायला सांगा. अटकेतल्या माणसाची वैद्यकीय तपासणी कलम ५३ प्रमाणे करावीच लागते आणि अहवालाची प्रत त्याला मिळते. सुटून आला असाल तर उशीर करू नका. वळाचा रंग दर दिवशी बदलतो आणि रंगावरूनच डॉक्टर मार किती जुना ते सांगतात. फोटो चांगल्या उजेडात, एक जवळून आणि एक चेहऱ्यासह काढा.

आरोपींची धिंड काढतात, रील बनवून टाकतात. ते चालतं?

कोणत्याही कायद्यात धिंडीची तरतूद नाही. बेडी कधी घालायची हे कलम ४३(३) मध्ये ठरवून दिले आहे, आणि ते सराईत किंवा गंभीर गुन्ह्यांपुरते आहे. 'घटनास्थळ पाहणी'च्या नावाखाली लंगडत्या माणसाला भर बाजारातून फिरवतात, 'पोलिसी खाक्या' म्हणून गाणे लावतात, आणि खाली कमेंटमध्ये त्याच्या धर्मावर शिव्या. तो माणूस अजून दोषी ठरलेला नसतो. हे व्हिडिओ जपून ठेवा, पुढे वकिलाला लागतात. लाईक करू नका, पुढेही पाठवू नका.

व्हिडिओ आपल्याकडचा आहे की नाही, कसं ओळखायचं?

घाई न करता थांबवत थांबवत बघा. ढालीवर, गाडीवर, बॅरिकेडवर काय लिहिले आहे? महाराष्ट्रात 'पोलीस' लिहितात, हिंदी पट्ट्यात 'पुलिस'. एवढ्या एका अक्षरावर निम्मे व्हिडिओ निकालात निघतात. गाड्यांचे नंबर पाहा. आपल्याकडे एमएच १३, अकलूज बाजूला एमएच ४५. कर्नाटकातल्या शिपायांची एका बाजूला मुडपलेली टोपी अलीकडेपर्यंत लगेच ओळखू यायची. दुकानांच्या पाट्या, बसचा रंग, पाऊस आहे की ऊन. जून महिन्यात सोलापुरात लोक स्वेटर घालून फिरत नाहीत.

मग आवाज ऐका. आपल्या शहरात मराठी, दखनी, कन्नड, तेलुगू सगळे कानावर पडलेले असते. बोलणारा बंगाली आहे की भोजपुरी हे सोलापूरकराला चटकन कळते. बांगलादेशातले पोलीस आणि मोर्चे पश्चिम बंगालच्या नावावर खपवणे हा तर रोजचा धंदा आहे.

शेवटी एक चित्र थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सवर टाका. तोच प्रसंग चार वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला की काम झाले. सापडला नाही म्हणजे खरा, असे मात्र नाही. 'बऱ्याच वेळा फॉरवर्ड केले' हा दुहेरी बाण दिसला तर पाठवणाऱ्याने तो स्वतः काढलेला नाही एवढे नक्की.

आणि एआयने बनवलेला असला तर?

सध्याचे बनावट तुकडे बहुधा काही सेकंदांचेच असतात. पाटीवरची देवनागरी वाचायचा प्रयत्न करा, अक्षरे अर्थहीन निघतात. लाठी हातात विरघळते, गर्दीतले चेहरे एकमेकांत मिसळतात. कोपरा मुद्दाम धूसर केला असेल तर तिथला खुणेचा शिक्का (वॉटरमार्क) लपवलेला असू शकतो. पण ही लक्षणे महिन्यागणिक कमी होत चालली आहेत. खात्रीचा मार्ग जुनाच: त्या जागी त्या वेळी असलेल्या माणसाला फोन करा.

माझ्याकडे खरा व्हिडिओ आहे, मीच काढलाय. टाकू का?

आधी जपा. मूळ फाईल ज्या फोनवर काढली तिथेच ठेवा, कापू नका, संगीत लावू नका, व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेली प्रत मूळ समजू नका. तिची गुणवत्ता आणि आतली नोंद दोन्ही जातात. एक प्रत पेनड्राइव्हवर वकिलाकडे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलचा हॅश आकडा लिहावा लागतो. फाईलमध्ये एक सेकंद जरी बदलला तरी तो आकडा बदलतो.

मग तक्रारीला जोडा. त्यानंतर जाहीर करायचा असेल तर तारीख, वेळ, जागा लिहून, पूर्ण लांबीचा टाका. आधीची दगडफेक कापून फक्त लाठी दाखवली तर पूर्ण व्हिडिओ दुसऱ्या कुणाकडे असतोच. लहान मुलांचे आणि बायकांचे चेहरे झाका.

पोलिसांचं शूटिंग करणं गुन्हा आहे म्हणतात.

सार्वजनिक रस्त्यावर चाललेले काम, अडथळा न आणता, लांबून चित्रित करणे हा गुन्हा नाही. ठाण्याच्या आतही शासकीय गुपिते कायदा लागत नाही. ठाणे त्या कायद्यातले निषिद्ध ठिकाण नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये ठरवले. फोन घेतला तर जप्तीचा पंचनामा मागा. जप्तीचे चित्रीकरण करणे कलम १०५ प्रमाणे आता पोलिसांवरच बंधनकारक आहे.

ग्रुपवर दुसऱ्यानं टाकलं तर अ‍ॅडमिनला धरतील?

निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून नाही. नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे: समान हेतू दाखवल्याशिवाय सदस्याच्या पोस्टची जबाबदारी अ‍ॅडमिनवर येत नाही. पण पोस्ट डिलीट करायचे बटण तुमच्या हातात असते, तेवढे दाबा.

माझे मिस्टर पोलिसात आहेत. दुसऱ्या शहरातल्या मारहाणीच्या व्हिडिओवर त्यांचा फोटो चिकटवून फिरवलाय. आम्ही काय करायचं?

तुमच्यावर झालेला हा अन्यायच आहे, आणि या पानावर त्याला तेवढीच जागा आहे. सायबर पोलिसांकडे तक्रार द्या, पोस्टच्या लिंक आणि स्क्रीनशॉट वेळेसह जोडा, आणि त्या-त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे चोवीस तासांत पोच आणि, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनंतर, सात दिवसांच्या आत निकाल द्यावा लागतो. बदनामीची फिर्याद न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली वेगळी करता येते. सलग बंदोबस्तावर उभ्या असलेल्या शिपायाच्या घरापर्यंत धमक्या पोहोचवून कुठल्याही कैद्याचा मार कमी होत नाही.

खोटं काय हे सरकारच ठरवेल असा कायदा आला होता ना?

केंद्राने २०२३ मध्ये नियम दुरुस्त करून सरकारी कामकाजाबद्दलच्या मजकुराला खोटा ठरवणारा तथ्य तपासणी विभाग आणायचे ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. लाठी ज्याची, त्यालाच लाठीचा व्हिडिओ खोटा ठरवायचा अखेरचा अधिकार दिला असता, तर सहारनपूरचा व्हिडिओ कायमचा खोटाच राहिला असता.

पोलिसांविरुद्ध तक्रार नक्की कुठं करायची? ठाण्यात तर घेतच नाहीत.

पहिली तक्रार ठाण्यातच, लेखी. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्ये पक्के केले. घेतली नाही तर रजिस्टर पोस्टाने पोलीस आयुक्तांना. ग्रामीण भागात असाल तर पोलीस अधीक्षकांना. पोस्टाची पावती सोन्यासारखी जपा. त्यावरही काही झाले नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कबुलीसाठी मारहाण केली असेल तर न्याय संहितेचे कलम १२० आवर्जून लिहा.

त्याच दिवशी आणखी एक अर्ज द्या, ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण जपून ठेवावे म्हणून. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे लावून चित्रीकरण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितले आहे. कॅमेरा बंद होता असे उत्तर आले, तर तेही लेखी घ्या.

याशिवाय मुंबईत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे आणि राज्य मानवी हक्क आयोग आहे. आयोगाकडे घटनेपासून एका वर्षात जावे लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधली सहा महिन्यांची मुदत मात्र फार लोकांना माहीत नसते: कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला किंवा दावा त्या मुदतीनंतर अडकतो. 'बघू, वातावरण निवळू दे' म्हणत कितीतरी खऱ्या तक्रारी तिथेच मरतात.

कोठडीत मृत्यू झाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. उच्च न्यायालयासाठी आता मुंबईपर्यंत जायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो.

दंगलीत नाव आलं की घर पाडतील का?

आरोपी आहे म्हणून पाडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे: आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस, म्हणणे मांडायची संधी, कारणांसह आदेश. मार्च २०२५ मध्ये नागपुरात कुराणातल्या आयती लिहिलेली चादर जाळल्याच्या अफवेवरून दंगल झाली, त्यानंतर पाडकाम सुरू झाले, ते उच्च न्यायालयाने थांबवले. नोटीस दारावर चिकटवली तर तिचा तारखेसह फोटो काढा.

आमच्या घरच्या ग्रुपवर मामाच असले व्हिडिओ टाकतात. वाद कसा घालायचा?

ग्रुपवर घालू नका. वेगळा फोन करा, मूळ बातमीची लिंक पाठवा, आणि 'तुम्हीच ग्रुपवर सांगा मामा, तुमचं ऐकतील' म्हणा. चारचौघांत खोटा पाडलेला माणूस दुसऱ्या दिवशी आणखी दोन टाकतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, आणि मराठी लिहिता येत नाही. तरी तक्रार होईल का?

होईल. तोंडी सांगितलेली तक्रार लिहून घेणे, वाचून दाखवणे आणि सही किंवा अंगठा घेऊन प्रत फुकट देणे हे कलम १७३ प्रमाणे अधिकाऱ्याचे काम आहे. वाचून दाखवलेले समजले नाही तर सही करू नका, उर्दू, तेलुगू किंवा कन्नड जाणणारा माणूस बोलवायला सांगा. कोठडीतल्या माणसाला, बाईला, मुलाला उत्पन्नाचा दाखला न विचारता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. जाताना आधार कार्डाची झेरॉक्स, असेल तर एमएलसीचा कागद, आणि पोस्टाच्या पावत्या सोबत घ्या.